बारीक बोरं

काळुराम कासाराने सुमतीचा हात मध्येच सोडला. उजवा हात भरून झाला होता, हिरवागार, आणि डाव्यात तीन बांगड्या चढल्या होत्या. चौथी पेरांवर आणून, तिची मूठ आपल्या मुठीत दाबत, "सैल सोडा वैनी, हात सैल सोडा, पाण्यासारखा," असं नेहमीचं पुटपुटत त्याने आधाराला म्हणून मनगटाखालून अंगठा वर सरकवला, आणि अंगठा थांबला. मागे आला, पुन्हा गेला. कातडीच्या आत, मनगटापासून कोपराच्या रोखाने, दोऱ्यात ओवल्यासारख्या गाठी होत्या. वरून पाहणाराला दिसल्या नसत्या, पण उभा जन्म बायकांचे हात दाबण्यात गेलेला अंगठा तो, त्याला काय लपणार. त्याने वर पाहिलं नाही. पेरांवरची बांगडी हलकेच उलटी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि म्हणाला, "माल सरला, वैनी." टोपलीत हिरव्या बांगड्यांच्या माळा गच्च भरल्या होत्या, त्यांच्यावर ठाण्याच्या कोपरीचं सकाळचं ऊन पडलं होतं. सुमती रीतीप्रमाणे नमस्काराला वाकली, तर तो पायरी उतरून मागे सरकला होता. "राहू द्या, राहू द्या." बांगड्या भरून नमस्कार न घेता गेलेला कासार तिने आयुष्यात पाहिला नव्हता. दारात माई उभ्या होत्या, तिच्या सासूबाई, कडेवर हेमा. हेमाने त्या हिरव्या ढिगाकडे दोन्ही हात पसरले होते.

गाठी आहेत हे सुमतीला ठाऊक होतं. माईंना ठाऊक होतं ते फक्त बोटावरचं, डाव्या तर्जनीच्या पाठीवरचं. तिथे महाशिवरात्रीच्या सुमाराला एक पुटकुळी उठली, फुटली, भरली, पुन्हा फुटली. माईंनीच जवसाचं गरम पोटीस बांधून बांधून ती दोनदा बसवत आणली होती, आणि दोनदा ती परत आली होती. "बाईच्या जातीचं बोट, पाण्यातून बाहेर येईल तर बरं होईल ना," असं म्हणून माई तिच्या वाटची भांडीसुद्धा घासत. पण गाठी? पहिली तिला आंघोळ करताना लागली, साबणाचा हात फिरताना, वाटाण्याएवढी. मग दुसरी. ती रोज मोरीचं दार लावून त्यांच्यावरून बोट फिरवी, वाढल्या का पाही, आणि बाहेर येऊन कणीक मळायला बसे. सांगायचं काय? दुखत असतं तर सांगितलं असतं. दुखण्याला घरात जागा असते. लेप असतो, काढा असतो, "जरा पड" असतं. हे नुसतं होतं. कातडीखाली कुणीतरी मुक्यानं पावलं टाकत वर चाललं होतं.

"दाखव," माई म्हणाल्या. सुमतीने हात पुढे केला. माईंनी तो धरला नाही. हेमाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, आणि वाकून पाहिलं.

"दुखतं?"

"नाही."

"दाबलं तरी?"

"नाही, माई."

दुखत नाही याचा अर्थ माईंच्या पिढीला एकच येत होता, आणि तो शब्द उंबऱ्याच्या आत उच्चारायचा नसतो. सुमतीला तो दुपारी चुलीपुढे कळला. तवा तापला होता. तिने आजूबाजूला पाहिलं, आणि डाव्या हाताची पाठ, अंगठ्याच्या मुळाशी, तव्याच्या कडेला टेकवली. चर्र झालं. कळ थेट दातांपर्यंत गेली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यासकट ती हसली. भाजतंय! लहानपणी पहिल्यांदा पोहता आल्यावर जसं हसू आलं होतं माहेरच्या काळ्या तलावात, तसं. भाजतंय की मला. मग तिने तवा उतरवून तशीच बोटं गाठींवर दाबली, आणि तिथे पुन्हा तेच, दुखणं नाही. हसू तोंडातल्या तोंडात विरलं. संध्याकाळी हेमाची दुपटी माईंच्या खोलीत गेली होती. हेमाची वाटी, हेमाचं बोंडलं, तिची लाकडी बाहुली. तिचा नवरा त्र्यंबक कचेरीतून आला, चहा घेतला, आईशी ओटीवर हळू आवाजात बोलला, आणि आपली वळकटी बाहेर टाकताना म्हणाला, "थोडे दिवस. डॉक्टरांना दाखवू ना. नुसती खबरदारी." तो वाईट माणूस नव्हता. आईपुढे त्याचा आवाज बसे, एवढंच. आणि पलीकडच्या खोलीत हेमा झोपायच्या वेळेला रडायला लागली की सुमतीची चोळी भिजे. मन आवरता येतं, दूध कसं आवरणार? ते रडणं ऐकून धावत यायचं आणि भिंतीशी अडून राहायचं. छातीत दगड होत. ती मोरीत जाऊन पिळून टाकी, आणि पाणी ओतताना वाटे, आपण कशावर पाणी ओततोय.

घरच्या डॉक्टरांनी पेनिसिलीनची इंजेक्शनं दिली. कंबर दुखली, गाठी होत्या तिथेच राहिल्या. उलट खालची एक मऊ होऊन लाल झाली. त्यांनी पू काढून तपासायला पाठवला, तर उत्तर आलं की काही उगवलं नाही. 'उगवलं' हा शब्द तिला फार चमत्कारिक वाटला. माझ्या हातातलं काय, कुठे पेरतात, कुठे उगवतं? डॉक्टर भला माणूस. चष्मा पुसत त्र्यंबकाला म्हणाले, "कातडीचा क्षय असू शकतो. दुसरंही असू शकतं. एकदा तिकडच्या दवाखान्यात दाखवून घ्या, म्हणजे शंका नको." 'तिकडच्या' म्हणताना त्यांनी खिडकीकडे पाहिलं. परतताना त्र्यंबक दोन पावलं पुढे चालत होता. घरी आल्यावर माई म्हणाल्या, "सुमती, तू थोडे दिवस माहेरी जाऊन येतेस का?" आणि लगेच, जणू हे बोलणाऱ्या दुसऱ्याच कुणी होत्या अशा, पदर तोंडाला लावून आत गेल्या. नंतर, बऱ्याच नंतर, त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण होती, बायजा नावाची. गावाबाहेर तिला खोपट बांधून दिलं होतं, आणि ताट पोचवायला माईंना पाठवत. "धोंड्यावर ताट ठेवायचं आणि पळत सुटायचं. ती मागून हाक मारायची, अगं थांब की गं जरा, नुसती बोल. मी कधी थांबले नाही. सात वर्षांची होते मी." पण त्या दिवशी सुमतीला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी तिला फक्त 'माहेरी' हा एरवी एवढा गोड शब्द धोंड्यासारखा समोर ठेवलेला दिसला.

न्यायला अण्णा आले, तिचे वडील, कल्याणच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सगळं ऐकून घेतलं, आणि पोरीचा तो हात सर्वांसमक्ष घेऊन, पाठ्यपुस्तकातला नकाशा पाहावा तसा पाहिला. "पारनाक्यावर आमच्या पत्त्यांच्या अड्ड्याला एक डॉक्टर येतो," ते म्हणाले. "टिपणीस. लढाईत आसामात होता, पलटणीबरोबर. पत्त्यात हमखास हरतो. दवाखान्यात रोगी कमी आणि बाटल्या जास्त. त्याला हा हात दाखवू. मग कुठे जायचं ते ठरवू." त्र्यंबक म्हणाला, "मी येतो सोडायला." माईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण त्याचा आवाज या वेळी बसला नाही. दुपारची गाडी जवळजवळ रिकामी होती. निघताना हेमा झोपलेली होती, मुद्दाम झोपवलेली. सुमतीने खिडकीबाहेर खाडी पाहिली, मिठागरांचे चौकोन, पांढरे ढीग, आणि मग पारसिकचा बोगदा आला. अंधार झाला, चाकांचा आवाज डब्यात शिरून मोठा झाला, आणि त्या अंधारात कुणीतरी तिचा डावा हात धरला. पट्टीसकट. अण्णा समोर बसले होते. शेजारी त्र्यंबक होता. त्याचा तळवा घामाने ओला होता, भ्यालेल्या माणसाचा असतो तसा. आणि म्हणूनच तिला तो फार मोलाचा वाटला. न भिणाऱ्याने धरला तर त्यात काय? बोगदा इतका लांब आहे हे तिला लहानपणापासून माहीत होतं, तो इतका आखूड आहे हे त्या दिवशी कळलं. उजेड आला तेव्हा त्याने हात सोडला होता आणि तो मुंब्र्याच्या डोंगराकडे पाहत होता, पण त्याच्या शर्टाच्या बाहीला तिच्या पट्टीचं पिवळं मलम लागलं होतं. ते त्याने पुसलं नाही.

डॉक्टर टिपणीस बुटके, टकले, आणि कुणाकडे न पाहता बोलणारे निघाले. ते बोलत ते हाताशी. "बरं, इथून निघालास काय तू? मग इथे मुक्काम. मग इथे." त्यांनी एका काचनळीत गरम पाणी घेतलं, एकीत गार, तिला डोळे मिटायला लावले, आणि हातभर टेकवत विचारत गेले. गरम. गार. गार. गरम. कापसाचा पुंजका फिरवला, कळतंय का? कळतंय. टाचणीचं टोक, कळतंय. "बास," ते म्हणाले. "महारोग नाही." असा सरळ, मोठ्या आवाजात त्यांनी तो शब्द उच्चारला, आणि उच्चारल्यावर तो खोलीत कुठेच नव्हता. अण्णा खाली बसले. "मग काय आहे?" त्र्यंबकाने विचारलं. "ते हा हातच सांगेल, मी कशाला सांगू? बाई, काटा लागला होता का कधी? दोन-चार महिन्यांत? शेतात, कुंपणात, गवतात?"

"नाही," सुमती म्हणाली. "आम्ही ठाण्यात राहतो. आम्हाला कुठलं शेत?"

"आठवून बघा."

तिने खरंच आठवून पाहिलं. काटा म्हटल्यावर तिला पायातला काटा आठवे, अनवाणी माणसांचा, शेतावरच्या बायकांचा. आपण चूल, मोरी, तुळस एवढ्यात फिरणार. "नाही," ती पुन्हा म्हणाली. डॉक्टरांनी हूं केलं. न फुटलेल्या मऊ गाठीत सुई घालून त्यांनी थेंबभर पू ओढला आणि काचेच्या नळ्यांत, तिरक्या थिजवलेल्या पिवळसर खिरीसारख्या कशावर तरी, तारेने रेघ ओढावी तसा लावला, तोंडाला कापसाचे बोळे घातले. "याच्यात साखर आहे," ते तिला म्हणाले, पहिल्यांदाच तिच्याकडे पाहून. "त्याला खायला. ठाण्याला त्यांनी दोन दिवस उबेत ठेवलं असेल आणि काही येत नाही म्हणून फेकलं असेल. त्यांचं चुकलं नाही, ते वेगळं काही शोधत होते. मला वाटतं ते खरं असेल, तर त्याला ऊबही नको आणि घाईही नको. फळीवर ठेवायचं, आणि आपण पत्ते खेळायचे." नळ्या त्यांनी खरंच फळीवर ठेवल्या, पंचांग आणि चहाच्या डब्याच्या मध्ये.

माहेरचे ते दिवस लांबलचक होते. त्र्यंबक ठाण्याला परतला. आई गेल्यापासून अण्णांच्या घरात गोदूबाई नावाची स्वयंपाकाची बाई होती. ती सुमतीला काही करू देत नसे, आणि रिकाम्या हातांना हेमा आठवे. हाताला आठवे, मनाला नव्हे. कोपराच्या लवणात तिच्या डोक्याचं वजन येई, खरं वजन, आणि सुमती दचकून खाली पाही. दूध आटत चाललं होतं. छातीतला दगड हलका होतोय याचं बरं वाटायला हवं होतं, पण तिला ते कुणीतरी सामान आवरून निघाल्यासारखं वाटे. आणि फळीवरच्या नळीचा विचार येई. मी इथे बसलेय आणि माझ्यातलं काहीतरी तिथे चहाच्या डब्याशेजारी साखर खातंय. उगव रे बाबा, ती मनात म्हणे. जे असशील ते अस, पण उगव, तोंड दाखव. नाव नसलेल्या पाहुण्याला घरातून घालवायचं तरी कसं? जन्मभर लोणच्या-पापडांवरून जिची पहिली भीती बुरशीची, तिने देवासारखं कशालातरी उगव म्हणावं, याचं तिला स्वतःलाच नवल वाटे.

एका दुपारी अण्णांनी बाजारातून सुकी बोरं आणली, उकडून वाळवलेली, तिला लहानपणी आवडायची म्हणून. तिने एक तोंडात टाकलं. आंबटगोड, सुरकुतलेलं, मध्ये टणक बी. जिभेने ती बी गालात लोटली, आणि अचानक तिच्या डाव्या तर्जनीला कळ आली. आत्ताची नव्हे, जुनी, थंडीतली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची. हेमाचं पहिलं बोरन्हाण होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेली पोर, आणि डोक्यावरून ओतायला चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बोरं. माईंनी बाजारातून टपोरी बोरं मागवून ठेवली होती, सुपारीपेक्षा मोठी. सुमतीने एक उचलून आपल्याच डोक्यावर टाकून पाहिलं आणि तिला ते लागलं. एवढीशी टाळू, अजून वर हाताला धुकधुक लागते, तिच्यावर हे दगड पडायचे? ती कुणाला न सांगता मागच्या दाराने गेली होती, खाडीच्या बाजूला, कोळीवाड्याच्या टोकाला भागीरथीच्या अंगणापर्यंत. तिथे जाळी वाळत घालायच्या जागेशी पेंढ्याच्या कुजक्या ढिगात एक रानबोरी उगवली होती, तिला मण्यांएवढी बोरं लागत. "पायजे तवरी घे गो बाय," भागीरथी मासळी साफ करता करता म्हणाली होती, "पाखरांचीच बोरा ती. मानसा कोन खातंय!" आणि सुमतीने त्या काटेरी जाळीत हात घालून बारीक बारीक निवडून ओंजळभर बोरं काढली होती. काटा तेव्हा लागला. तर्जनीच्या पाठीवर, आत मोडला. तिने तो दातांनी ओढून काढला, रक्त चोखून टाकलं, आणि मुलीच्या सणाला रक्त काय सांगायचं म्हणून पदरात बोट दाबून घरी आली. बोरन्हाण झालं. बारीक बोरं हेमाच्या डोक्यावरून टपटप घरंगळली, एकही लागलं नाही, ती खदखदा हसली आणि आळीतल्या पोरांच्या आधी स्वतःच बोरं गोळा करायला लागली, चिमटीत धरून, एक एक. त्या हसण्याखाली काटा पुसून गेला होता. इतका, की डॉक्टरांनी दोनदा विचारूनही तो वर आला नाही. सुमतीने बी थुंकली. आणि मग दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ती उठून उभी राहिली. तीच बोरं. तीच बोरं तिने हेमाच्या डोक्यावर ओतली होती. हेमाने त्यातली खाल्लीही होती.

भर दुपारी ती पारनाक्याकडे निघाली, पायात वहाणा आहेत की नाहीत हे न पाहता, आणि मागून अण्णा छत्री उघडत, "अगं हो! ऊन बघ की गं!" करत. डॉक्टर बनियनवर बसून पंख्याने वारा घेत होते. तिला पाहून म्हणाले, "या. मी संध्याकाळी निरोप धाडणारच होतो."

"काटा लागला होता," ती म्हणाली. "बोरीचा. मुलीच्या बोरन्हाणाची बोरं काढताना. पण तीच बोरं तिच्या अंगावर टाकलीत मी. तिच्या डोक्यावर. तिला... तिलाही होईल?"

"तिला कुठे काटा बोचला?"

"नाही. माझ्याच हातून निवडलेली होती सगळी."

"मग कसं होईल?" डॉक्टर उठले. "हे बघा, हे अंगावर पडून होत नाही, शिवून होत नाही, माणसाचं माणसाला लागत नाही. मातीत असतं, कुजक्या पेंढ्यात असतं, काट्यावर बसतं. काट्याने दार उघडलं तरच आत येतं आणि कातडीखालून रसवाहिनीच्या वाटेने वर वर जातं. तुमच्या मुलीच्या वाटचा काटा तुम्ही आधीच घेतलात की बोटात. झालं ते संपलं."

सुमतीला बसायला हवं होतं, पण ती उभीच राहिली. एवढे दिवस तिने एकच प्रश्न जपून धरून ठेवला होता.

"मग मी तिला घेऊ शकते? कडेवर?"

"आत्ता घ्या. वाहतं बोट पट्टीत ठेवा, म्हणजे झालं." आणि मग, हातातली नळी खाली-वर करत, पत्त्यात हरताना करतात तसं तोंड करून ते म्हणाले, "अंगावर पाजता का अजून?"

"पाजत होते."

"ते मात्र आता नाही. औषध आयोडीनचं आहे, दुधातून तिच्यात जाईल. एवढं सोडावं लागेल."

तिने मान हलवली. आत काहीतरी निघून गेलं, सामान आधीच आवरून बसलं होतं ते. पण कड तर मोकळी होती. कडेवर, मांडीवर, खांद्यावर, पोटाशी. पोर घ्यायला आईला किती जागा असतात! "दाखवू तुम्हाला?" डॉक्टर म्हणाले. नळीतल्या तिरक्या खिरीवर काहीतरी उगवलं होतं, सुरकुतलेलं, मधून पांढरट, कडेला कॉफीसारखं काळपट होत चाललेलं. "बुरशी," ते म्हणाले. "लोणच्यावर येते तिची लांबची बहीण. आसामात आमच्या शिपायांच्या पायांना पाहिली होती, बांबूच्या कुसळांनी. ठाण्याच्या बाईच्या हातात भेटेल असं वाटलं नव्हतं." त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी सरकवून तिला एक डोळा मिटायला लावलं. आधी तिला आपली पापणीच दिसली. मग धुकं निवळलं, आणि दिसले बारीक, अतिबारीक धागे, आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाशी फूल. खरंच फूल, इवल्या मोत्यांच्या पाकळ्या गोल बसलेल्या, देठावर डुलतील अशी. शेवंतीची वेणी कुणी सुटी करून टाकावी तशी. हे माझ्यात होतं? माझ्या हातातून फुलांची वेल वर चढत होती? तिला शिसारी यायला हवी होती. ती सरळ झाली आणि तिने त्या पितळी यंत्राला दोन्ही हात जोडले.

"अहो, नमस्कार कसला करता?" डॉक्टर दचकलेच. "रोग आहे तो."

"उगवला ना," सुमती म्हणाली.

अण्णा छत्री मिटत खोकले आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ रस्ता पाहत राहिले.

माईंनी सगळं दारातच ऐकून घेतलं, त्र्यंबकाच्या तोंडून, मग अण्णांच्या, मग पुन्हा सुमतीच्या. "बुरशी?" त्या म्हणाल्या. "नुसती बुरशी? आणि मी..." आणि हेमाला त्यांनी सुमतीच्या अंगावर जवळजवळ टाकलंच. हेमाने आधी आईच्या नाकाला हात लावला, मग कानातल्या कुडीला, खात्री करून घ्यावी तशी, आणि मग सरळ चोळीशी झोंबली. तेवढं कठीण गेलं. ती रडली, हट्टाला पेटली, वाटी भिरकावली. आणि सुमती तिला तशीच पोटाशी घेऊन घरभर फिरली. रडू दे. भिंतीच्या या बाजूला रडू दे. औषध रोज सकाळी माईच देत. त्या काचेच्या बाटलीतले थेंब कपभर दुधात पाडायचे, दर दिवशी थोडे वाढवत न्यायचे, आणि त्यात माईंना कुणाचा हात लागलेला चालत नसे. देवाच्या समईत तेल घालतात तशा त्या श्वास रोखून घालत. तोंडात दिवसभर तांब्याचं नाणं ठेवल्यासारखी चव असे. नाक गळे, डोळे वाहत, गालांवर पुरळ उठलं. एका सकाळी माई समोर बसल्या होत्या आणि सुमतीच्या डोळ्यांतून धार लागली होती.

"रडू नकोस गं. माझं चुकलं म्हणते ना मी."

"रडत नाहीये, माई. औषध आहे ते."

"हो?" माईंनी पदराने आपले डोळे टिपले. "मग मी कोणतं औषध घेतलंय?"

आणि दोघी हसल्या, चूल तशीच धुमसत असताना, आणि त्या हसण्यातून कधीतरी बायजाची गोष्ट निघाली, त्या धोंड्याची, त्या हाकेची. सुमतीने आपला डावा हात माईंच्या मांडीवर ठेवला, आणि या वेळी माईंनी तो धरला, पट्टीवरून, गाठींवरून, कोपरापर्यंत. जणू त्या थांबल्या होत्या, धोंड्यापाशी, नुसत्या बोलायला. त्र्यंबकाची वळकटी केव्हा आत आली ते कुणी पाहिलं नाही. गाठी वरून खाली विझत आल्या, वाटेने परत गेल्यासारख्या. आधी कोपराजवळची, मग मधल्या, आणि सर्वांत शेवटी, सगळ्यात हट्टी, बोटावरची मूळ जागा. डॉक्टर म्हणाले होते, गेल्या तरी महिनाभर थेंब चालू ठेवा, तो फसवतो. ठेवले. हाताच्या आतल्या बाजूला राहिले तपकिरी वण, मण्यांएवढे, एकामागे एक.

श्रावणात मंगळागौरीच्या आधी काळुराम आळीत आला. त्याची हाक आली आणि लांबत लांबत त्यांच्या दाराशी कमी झाली, पुढे जाऊ लागली. माईच ओट्यावर गेल्या. "काळुराम! आमच्याकडे तीन बांगड्यांवर सोडून गेलायस. पुरी कोण करणार?" तो थांबला. पायरी चढला, टोपली उतरवली, रुमालाने तोंड पुसलं. सुमती हेमाला मांडीवर घेऊन बसली आणि तिने डावा हात पुढे केला, उलटा, वण वर करून, लपवायचं काही नाही असा. त्या तीन बांगड्यांतली एक मधल्या दिवसांत फुटली होती. दोन राहिल्या होत्या.

"ऐकलं होतं वैनी मी," काळुराम हळूच म्हणाला. "बरं झालं म्हनून. पर लाज वाटायची यायला."

"औषध फार छान होतं," सुमती म्हणाली. "भरा."

त्याने हात घेतला. बोटं थंड होती त्याची. सैल सोडा म्हणायलाही तो विसरला. तिसरी बांगडी पेरांवरून गेली, चौथी पेरांवर आली. हेमाचं सगळं लक्ष हिरव्या काचेवर होतं, आणि मग काचेवरून घसरत ते वणांवर आलं. तिने एक बोट ठेवलं. मग चिमटी केली, बोरन्हाणाला केली होती तशी, आणि पहिला वण बोरासारखा उचलला. आपल्या तोंडात घातला. दुसरा उचलला, तो सुमतीच्या ओठांशी नेला, सुमतीने खाल्ला. महिनोनमहिने तोंडात राहिलेली ती नाण्याची चव आता नव्हती, हे तिला त्या रिकाम्या चिमटीने कळलं. हेमाने तिसरा नीट निवडून काढला, सगळ्यात मोठा, मनगटाजवळचा, जिथे तो अंगठा थांबला होता तो. आणि हात लांब करून काळुरामच्या मिशांपाशी धरला.

चौथी बांगडी पेरांवर तशीच राहिली. काळुरामने त्या चिमटीकडे पाहिलं, दारातल्या माईंकडे पाहिलं, सुमतीकडे पाहिलं. हेमाचा हात थकून खाली यायला लागला तरी ती तो मागे घेईना.

त्याने तोंड उघडलं. घेतलं. डोळे मिटून सावकाश चावलं. आणि मग, मान वळवून, अंगणात बी थुंकली.